अकरा नंबरचं पुस्तक

“अकरा नंबरला दिलेलं पुस्तक परत घ्या,” मदत समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

गाडीबाईंनी पायाने चाकाचा खटका दाबला. पुस्तकांची ढकलगाडी कॉरिडॉरच्या मधोमध उभी राहिली. बारा वर्षं त्या हीच गाडी लोटत वॉर्डावॉर्डातून पुस्तकं पोचवत होत्या. इतकी, की त्यांचं खरं नाव इस्पितळात आता कुणाला आठवतही नव्हतं.

वर्षाखेरीच्या सुट्ट्यांत ज्यांना घरी जाता येत नाही, अशा रोग्यांना समिती पुस्तक भेट देई. सगळ्यांना एकच. चाळीस पानांचं, गुळगुळीत कागदाचं, मन शांत कसं ठेवावं हे सांगणारं. सुट्ट्या संपल्या की ती पुस्तकं गाद्यांखाली कोरी करकरीत सापडत. गेल्या वर्षी एक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली निघालं. निदान तिथे तरी ते उपयोगी पडलं होतं.

यंदा गाडीबाई हटून बसल्या. “सव्वीस रोगी आहेत. सव्वीस जणांना एकाच नंबरचा चष्मा लावाल का?” त्यांनी समितीच्या बैठकीत विचारलं. कटकट नको म्हणून समितीने मान डोलावली.

मग आठवडाभर त्या खाटेखाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. पाठ मोडलेला क्रेनचालक महिनाभर छताकडे बघून विटला होता. त्याला नकाशांचं पुस्तक. गणिताच्या मास्तरांना रहस्यकथा. मास्तर शेवटचं पान आधी वाचतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून शेवटचं प्रकरण त्यांनी स्टेपलरने बंद करून टाकलं. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या बोटांत जोर उरला नव्हता. त्यांना हवी असलेली कादंबरी बाईंनी सुरीने चार तुकड्यांत कापली आणि एकेकाला पुठ्ठा चिकटवला. जन्मात पुस्तकाचं पान न दुमडलेल्या बाईंनी स्वतःच्या हाताने सुरी चालवली.

अकरा नंबरच्या खाटेवर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या. त्यांनी आवडनिवड काही सांगितली नाही. एवढंच विचारलं, “तुमच्याकडे सगळ्यात जाडजूड काय आहे?”

सगळ्यात जाडजूड होती ती नऊशे पानांची एका घराण्याची कादंबरी. आज सकाळीच ती कागदात गुंडाळून त्यांच्या हातात पडली होती.

“तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं,” अध्यक्षबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस. फार तर. त्यांच्या भावाने बजावलंय, हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. आणि तुम्ही त्यांच्या हातात नऊशे पानं ठेवलीत! अर्धं टाकून जायचं त्यांनी? अशाने भेटीची थट्टा होते, बाई.”

गाडीबाईंना खरंच ठाऊक नव्हतं. आपण हौसेने केलं आणि भलतंच होऊन बसलं की काय? त्यांनी अकरा नंबरच्या दिशेने पाऊलही उचललं. मग आजींचं ते विचारणं आठवलं. त्या आवाजात वेळ घालवायला काहीतरी द्या, असा सूर नव्हता. गिऱ्हाइकाने नेमकं माप सांगावं तसं त्यांनी मागितलं होतं.

पाऊल जागच्या जागी आलं.

“मी वाचणाऱ्याची आवड बघते, मॅडम. केसपेपर बघत नाही.”

“मग उद्यापासून ही गाडी दुसरं कुणीतरी लोटेल.”

“लोटू दे. आजची पुस्तकं मी दिलीत. त्यातलं एकही परत यायचं नाही.” असं म्हणून बाईंनी खटका सोडला, गाडी गर्रकन फिरवली आणि वॉर्डाच्या दारात आडवी लावली.

अध्यक्षबाई ओठ आवळून, अंग चोरून, गाडी आणि चौकटीच्या फटीतून आत शिरल्याच. हातात ते चाळीस पानांचं पुस्तक होतं. गाडी तिथेच टाकून गाडीबाई त्यांच्या मागे धावल्या. वॉर्डभर माना वळल्या. क्रेनचालकाने नकाशांचं पुस्तक छातीवर उपडं ठेवलं.

अकरा नंबरच्या आजी उशीला टेकून वाचत होत्या. पुस्तक पोटावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“आजी,” अध्यक्षबाईंनी आवाजात साखर घोळली, “एवढं जड पुस्तक कशाला उगाच? डोळ्यांना किती त्रास! हे बघा, कसं हलकं आहे. हवं तेव्हा उघडावं, हवं तेव्हा मिटावं.”

आजींनी ओळ पुरी केली. परिच्छेद पुरा केला. गाडीबाई खाटेच्या कठड्याशी येऊन थांबल्या. आता आजी काय विचारतील, आणि आपण काय सांगणार?

आजींनी पानावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं.

“बाई, मी तेहतीस वर्षं टेलिफोनवर काढलीत. दाराबाहेरची कुजबुज मला सगळ्यांच्या आधी ऐकू येते.” त्यांचा आवाज अगदी कामाचा होता, जोडून देते, थांबा, म्हणणारा. “पंधरा दिवस. नऊशे पानं. रोजची साठ. तुम्ही इथे उभ्या राहिल्यापासून माझी दोन बुडालीत.”