तीन निर्दोष बॉल

तुम्ही कमिटीवाल्यांनी एका नोटिशीत आम्हा कॅडींचा सोमवार काढून घेतलात. आठवड्यात क्लब बंद असतो, तेवढाच एक दिवस आम्हाला गोल्फ खेळता यायचं.

वीस वर्षं तुमच्या बॅगा वाहतोय. तुमचे बॉलही मीच तपासतो. खूप मीठ घातलेल्या पाण्यात बॉल तरंगवायचा, वरच्या टोकाला ठिपका काढायचा, गिरकी द्यायची. दर वेळी तोच ठिपका वर आला, तर बॉल एका अंगाला जड. सरळ मारला तरी वाकडा जाणार.

आम्ही खेळायचो तळ्यातून काढलेल्या, मिळतील त्या बॉलनी. फटका चुकला, तर चूक बॉलची की माझी, कधीच कळलं नाही. म्हणून दोन वर्षं खपून एकाच जातीचे तीन निर्दोष बॉल जमवले.

“मिठाचा डबा संपवलात. आज आमटीत बॉलच सोडते,” बायको करवादायची. तिसरा बॉल सापडला, तेव्हा मात्र तिनंच श्वास रोखून गिरकी दिली. ठिपका एकदा खाली थांबला, एकदा बाजूला.

“आता कळेल तुम्हाला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुमची नोटीस लागली.

आज सोमवार. मैदान रिकामं पडलंय. मी कसा खेळतो, ते मला कधी कळणार? उत्तर द्या.