द्वाड घोडी

आमच्या वायोमिंगमधल्या रँचवर पाहुणे पैसे देऊन आठवडाभर राहतात, आमच्याबरोबर गुरं हाकतात. कुणाला कोणता घोडा द्यायचा, ते बाबा ठरवतात. "आपण तर जन्मापासून घोड्यावर!" अशी कुणी फुशारकी मारली, की बाबा गंभीर चेहऱ्याने त्याला मेबल ही म्हातारी घोडी देतात. "जपून हं, फार द्वाड आहे!" मेबल म्हणजे गरीब गाय. पाहुणा मात्र छाती काढून फिरतो. यंदा बाबांचा खुबा मोडला. "यापुढे शांत घोडाच," हाड जुळल्यावर डॉक्टर म्हणाले. "त्यापेक्षा ओसरीत माश्या मारेन," म्हणत बाबा महिनाभर तिथेच बसले. आज गुरं डोंगरावर न्यायची होती. मी मेबलवर बाबांचं खोगीर चढवून तिला ओसरीपुढे आणलं आणि चेहरा गंभीर केला. "जपून हं बाबा, फार द्वाड आहे!" बाबांनी रोखून पाहिलं, मग टोपी डोक्यावर दाबली. "अगं जा! आपण तर जन्मापासून घोड्यावर!"