मावशीची ढाल

"गोदामावशींची तब्येत बरी नाही, म्हणून सर्वोत्तम स्वयंसेवकाची ढाल क्लबतर्फे मीच घेतो," म्हणत अध्यक्षांनी मंत्र्यांच्या हातून ढाल घेऊन छातीशी धरली आणि फोटोसाठी झकास हसले.

मंचावर बसलेल्या केशवीचं डोकंच सणकलं. मॉरिशसची सगळ्यात मोठी धावण्याची शर्यत जिंकली म्हणून आत्ताच तिला शाल मिळाली होती. पण शाळा सोडून ती घरात कुढत बसली, तेव्हा तिला मैदानावर ओढून नेलं ते मावशीनं. आणि तब्येतीला काय धाड भरली होती? मावशी मागच्या स्वयंपाकघरात ह्याच पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होती!

कार्यक्रम संपताच केशवी तरातरा मागे गेली आणि तिनं गॅसच बंद केला.

"अगं बये, पाहुणे खोळंबलेत!"

"खोळंबू देत! तू आजारी आहेस म्हणे. तुझी ढाल त्या अध्यक्षानं घेतली."

"माझी ढाल?" मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्षच धापा टाकत आले, ढाल काखेत. "मावशी, मंत्रीसाहेब पानावर बसलेत. पुऱ्या कुठायत?"

मावशीनं पदराला हात पुसले, त्यांच्या काखेतली ढाल काढून केशवीकडे दिली आणि झारा त्यांच्या हातात ठेवला.

"गॅस पेटवा आणि तळायला घ्या. मी साडी बदलून येते. ढाल मला मंत्र्यांच्या हातून घ्यायचीय, सगळ्यांसमोर."