खिळे ठोकलेला भाता

“आदी त्यो भाता उगडा. मग भाषणात काय सांगायचं ते सांगा,” बाया म्हणाली आणि चर्चच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

रणपिसे सर चर्चचे सेक्रेटरी. खंडाळ्याच्या या छोट्या दगडी चर्चचा रविवारी वर्धापनदिन होता आणि पाइप ऑर्गनचा इतिहास ते सांगणार होते. रेल्वेच्या कुणा गोऱ्या साहेबानं तो विलायतेहून आणवला, घाट चढवताना बैल कसे थकले, वगैरे. शेवटी ‘भाता मारणाऱ्या बहिरूने सूडापोटी चामडे कापले आणि ऑर्गन कायमचा मुका झाला.’ घरात भाषणाची तालीम चालली होती. सरांकडे भांडी घासणाऱ्या सुषमानं ते ऐकलं आणि आईला सांगितलं. बहिरू म्हणजे सुषमाचा बाप, बायाचा नवरा. मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा चोरासारखं उभं करणार होते.

ऑर्गनमागे लाकडी खोक्यात चामड्याचा मोठा भाता होता. बहिरू तो दांडा दाबून हलवायचा, तेव्हा कुठे नळ्यांतून सूर निघायचे. बाया चर्च झाडायची. दोघं मागच्या खोलीत राहायची. मग बातमी आली की भात्याला विजेची मोटर बसणार, माणूस लागणार नाही. त्याच वर्षी नाताळच्या सकाळी ऑर्गन वाजला नाही. लोक जमायच्या आत बहिरूनं खोक्याला खिळे ठोकून टाकले होते. “फाटला,” एवढंच तो म्हणाला.

त्या खिळ्यांनीच त्याचा घात केला. पोटात पाप नव्हतं तर झाकलं कशाला? फादरांनी खोकं उघडायची तसदीही घेतली नाही. पुण्याहून कीबोर्ड आला, बहिरूची खोली गेली, आणि संसार तुंगार्लीच्या वरच्या वाडीत एका छपराखाली गेला.

बायाचा संशय अब्दुलवर होता. लोणावळ्यात घोड्यांची खोगिरं शिवणारा अब्दुल भात्याला चामडं चढवायचा. नवं काम मिळावं म्हणून त्यानंच चामडं कापायची रापी चालवली, असं तिनं भर बाजारात ओरडून सांगितलं होतं. त्याच्या दुकानापुढं थुंकलीही होती. अब्दुल आणि बहिरू जिवाभावाचे दोस्त, पण त्यानंतर दोघांत बोलणं उरलं नाही. बहिरूला ती हजारदा म्हणाली असेल, “तुमी केलं न्हाई, मग त्याचं नाव घ्या की.” तो म्हणायचा, “जाऊ दे, बाया.”

तिला त्याचा राग यायचा. नवरा मेला तरी तो राग काही गेला नाही.

भाता उघडायला सरांनी अब्दुललाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नव्हतं. म्हातारा पकड घेऊन आला.

“वहिनी, बऱ्या आहात?”

बायानं तोंड फिरवलं.

सरांच्या घरून चहा आला. बायाच्या हातात ग्लास कलता राही. लग्नाआधीच गवत कापताना उजव्या हाताची करंगळी कोयत्यानं गेली होती. तरी त्याच कोयत्याला ती दर खंडेनवमीला न्हाऊ घालायची, हळदीचा पंजा उठवायची, गुळातुपाचा निवद पात्याला चिकटवायची. जे पोटाला देतं त्याला पुजायचं, मग ते पुढच्या वर्षीही देतं. वाडीत आल्यावर मात्र बहिरूनं तेही बंद केलं. “हळद नको आता,” म्हणाला. दुःखानं माणसाचा देवावरचा विश्वास उडाला, असं तिनं धरलं.

एकेक खिळा करकरत निघू लागला.

“आता दिसंल समद्यांना, कुनाचा हात व्हता,” बाया म्हणाली.

शेवटचा खिळा निघाला, फळी सुटली. त्यानं आत बॅटरी मारली आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला.

“कापलंय का?” सरांनी विचारलं.

“रापीनं कापलं तर धार सरळ राहते, सर. हे कुरतडलंय. उंदीर.” त्यानं चामड्याचा तुकडा नाकाशी नेला. “इथं काहीतरी चोपडलंय. चिकटाय अजून. तुपाचा खवट वास येतोय.”

“तूप? भात्याला?”

अब्दुलनं सुटलेली फळी उलटी करून उजेडात धरली. आतल्या बाजूला हळदीचा पंजा होता. वाळून तपकिरी पडलेला. तो खरवडून काढायची कुणीतरी घाईघाईनं खटपट केली होती. पात्याचे ओरखडे चहूकडे होते. पण हळद लाकडात मुरली होती. अंगठा आणि तीन बोटं. करंगळीच्या जागी कोरं लाकूड.

अब्दुलनं बायाकडे पाहिलं.

“म्हणजे हा बहिरूचाच हात,” सर म्हणाले. “उद्योग त्याचाच. म्हणून तर खिळे ठोकले.”

बायानं उजवा हात पदराखाली घेतला.

“व्हय,” ती म्हणाली. “त्येंचाच.”