मूळचा मुलामा

"अर्ज कोणाच्या नावानं करायचा?" चिंतामणरावांनी विचारलं.

"माझ्या," उदयसिंहकाका म्हणाले.

"माझ्या," यशोधरा म्हणाली.

जुन्या इंदूरमधल्या आपल्या बंदुकांच्या दुकानात चिंतामणरावांनी उचललेला टाक परत खाली ठेवला. यशोधरेच्या वडिलांचं, आबांचं, तेरावं कालच झालं होतं. परवाना ज्याचा तो गेला की हत्यार दुकानात जमा करायचं आणि पुढं ते कोणाकडे राहील हे घरच्यांनी सांगायचं. घरचे म्हणजे आता काका.

"बेबी, हट्ट नको करूस," काका म्हणाले. "दरबारनं आपल्या घराला दोन रिव्हॉल्व्हरं दिली, एक दादाला, एक मला. शस्त्र ठेवणं सोपं असतं, राखणं नसतं. ज्याला राखता येतं त्याच्याकडे ते शोभतं. आणि बाईला परवाना देतंय कोण?"

"संस्थान गेलं, नव्या राज्यात बाईला मनाई नाही, काकासाहेब," चिंतामणराव म्हणाले. "अर्जावर घरातल्या मोठ्याची सही लागेल, बस."

त्यांनी आबांचं रिव्हॉल्व्हर खिडकीकडे धरलं. ते आरशासारखं चमकत होतं. चिंतामणरावांच्या कपाळावर आठी पडली.

"सच कहूं? ही चकाकी जरा जास्तच आहे. दसऱ्या-दसऱ्याला पुजलेलं हत्यार असं राहत नाही. निकेल मागाहून चढवलेलं दिसतंय. तसं असेल तर ही नुसती चालू चीज झाली, दरबारची राहिली नाही."

"दादानं कल्हई करून आणली?" काका हसले. "पातेल्यासारखी?"

यशोधरेनं हात पुढे केला आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. नळी भिंतीकडे धरून तिनं खटका दाबला, तसं ते मधोमध उघडलं. गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याचं तिनं आधी स्वतः पाहिलं, मग चिंतामणरावांना दाखवलं.

"मागाहून मुलामा देणारा सगळंच बुडवून काढतो," ती म्हणाली. "चाप आणि घोडा बघा."

दोन्ही काळपट होते, कारखान्यातून आले तसे. चिंतामणरावांनी डोळ्याला भिंग लावलं. नळीवरच्या अक्षरांच्या कडा नखाला लागत होत्या. पुन्हा मुलामा द्यायचा तर आधी घासावं लागतं, आणि घासलं की अक्षरं बुजतात. त्यांनी मुठीचा स्क्रू काढून आत पाहिलं, परत बसवला. भिंग खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"मूळचा आहे. असा मी इंदुरात पाहिला नाही. हळदीकुंकवाचा एक डाग नाही."

"लावलंच नाही कधी."

काका ताठ झाले. "शस्त्रपूजेला हळदकुंकू नाही? दादाच्या घरात?"

"शेजारी विड्याच्या पानावर वाहायचो. ओलं हळदकुंकू निकेलच्या बारीक छिद्रांतून आत उतरतं. मग लोखंड गंजतं आणि मुलामा खालून सुटतो. आबा म्हणायचे, देवीला पान चालतं."

"आणि साफ कशानं करता?" चिंतामणरावांनी विचारलं. आता ते काकांकडे पाहत नव्हते.

"मऊ मलमल आणि मशीनच्या तेलाचा थेंब. पितळेचं पॉलिश नाही. हात लागला की घामाचे ठसे लगेच पुसायचे."

चिंतामणराव उठले. काकांनी दुरुस्तीला टाकलेलं रिव्हॉल्व्हर त्यांनी कपाटातून काढलं आणि पहिल्याशेजारी ठेवलं. दोन्ही एकाच पेटीतून आलेली. याचा मुलामा जागोजागी खपल्या धरून निघाला होता, खालचा गंज वर आला होता. दर दसऱ्याला काकांच्या घरी ते चिंच-रांगोळीनं घासत आणि मग हळदीकुंकवानं माखून पाटावर ठेवत.

"दादाचे हात तर केव्हाचे थरथरत होते," काका म्हणाले. "मग हे करत कोण होतं?"

"मी. दर रविवारी. आबा खुर्चीतून सांगायचे. बोलणं गेल्यावर बोटानं दाखवायचे. गेल्या रविवारी कोणी दाखवलं नाही. तरी काही राहून गेलं नाही."

चिंतामणरावांनी अर्ज काकांपुढे सरकवला आणि टाक दौतीत बुडवून दिला. काकांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं पुन्हा एकदा पाहिली.

"हिच्या नावानं लिहा," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

सहीवर त्यांनी टीपकागद दाबला. मग त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर दोन बोटांनी ढकललं. चिंतामणरावांकडे नाही, तिच्याकडे.

"याचं काही होईल का गं?"

"गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते राखता येईल."

तिनं ते उघडलं, घरं रिकामी असल्याची खात्री केली आणि खिडकीकडे वळवून नळीत डोकावली.

"उजेड अडतोय, काका. जरा सरका."

काका सरकले.