हाकेचा शॉट

"कॅमेऱ्याकडे नको काका, गाईकडे बघा," पोरगी म्हणाली.

रँचमालकाने गाईकडे पाहिलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. रँच कशाशी खातात हे ठाऊक नसलेली शहरी पोरगी त्याला गाईकडे बघायला शिकवत होती. पायात कोरे करकरीत बूट, आणि प्रश्न तर असे की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. गाई उभ्याने झोपतात का, म्हणे.

पण फिल्म त्यालाही हवी होती. उद्या मोठा खरेदीदार येणार होता आणि त्याला फक्त घरची पैदास लागायची. बाहेरून आणलेल्या जनावराला तो हात लावत नसे. त्याला ही फिल्म दाखवली की सौदा पक्का. म्हणून पोरीने आपणहून येऊन फिल्म काढू का विचारलं तेव्हा मालक लगेच हो म्हणाला होता.

"सगळ्या इथेच जन्मल्या," त्याने कॅमेऱ्याला ठणकावून सांगितलं. "माझ्या डोळ्यांदेखत."

पोरगी मात्र गाईंच्या कानांवर कॅमेरा रोखून बसली होती. "बिल्ले नवे दिसतात."

"दरवर्षी बदलतो."

मेहुणा बादली घेऊन जवळ आला आणि कुजबुजला, "दाजी, तिला फार मोकळं सोडू नका."

"अरे, तिला शिंग कुठलं नि शेपूट कुठलं ते कळत नाही. कानांचा सिनेमा काढतेय बिचारी."

"आणि शेजारचं कुरण रिकामं का?" पोरीने विचारलं.

आता मालकाला चेव चढला. "होता एक म्हातारा. गुरांना गाणं म्हटल्यासारख्या हाका मारायचा. लाडच लाड. मग एका रात्रीत कळपच्या कळप गायब. कुंपण धड ठेवायला नको? हाय खाऊन मेला. असल्यांनी कोंबड्या पाळाव्यात."

मेहुणा बादलीत बघत राहिला.

"हे छान आलं," पोरगी म्हणाली.

शेवटचा शॉट हाकेचा होता. मालकाने हाक मारायची आणि कळपाने धावत यायचं.

"फाटक उघडं असलं तर मोकळं दिसेल," ती म्हणाली.

नखरे एकेकाचे. मालकाने फाटक सताड उघडलं आणि हाक मारली. एकीनेही मान वर केली नाही. त्याने घसा ताणून पुन्हा मारली. मग मेहुण्याची बादली ओढून घेऊन बडवली, तशी जवळची गाय दोन पावलं मागे सरकली.

"कॅमेऱ्याला बुजल्यात," तो गुरगुरला.

"मी मारून बघू?"

"मारा की. हौसेला मोल नसतं."

पोरीने कॅमेरा स्टँडवर तसाच चालू ठेवला. फाटकाबाहेर जाऊन तिने तोंडाशी हात धरले आणि हाक मारली. लांबलचक, शेवटी वर चढत जाणारी, गाणं म्हटल्यासारखी.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. कळप मालकाला वळसा घालून फाटकाबाहेर पडला, तिचे कोरे बूट हुंगत क्षणभर थबकला, आणि मग कुणी न हाकता शेजारच्या रिकाम्या कुरणाच्या वाटेला लागला.