टाकीजवळचं वळण

"काकू, तुम्ही रोज कोणापासून पळता हो?"

प्रश्न विचारून टाकला आणि गोगलगायीला वाटलं, रस्ता दुभंगावा आणि आपण आत जावं. मागे शाळेच्या भिंतीला टेकलेल्या तिच्या मैत्रिणी, वटवट आणि लंबी, तोंडावर दप्तर दाबून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. गोगलगाय हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण गेल्या वर्षापासून कोणी नुसतं बघितलं तरी ही बाई शंखात!

चष्म्याच्या दुकानातल्या काकू जागच्या जागी धावत राहिल्या. पन्नाशीच्या असतील. अंगात पुरुषी टी-शर्ट, पायात होडीएवढे बूट.

"उत्तर लांबलचक आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उद्या सकाळी ये माझ्याबरोबर. धावता धावता सांगते."

"मी? मला नाही येत धावायला."

"मग मला कुठे येतं?"

त्या गेल्या. वटवटीने लगेच निकाल दिला की उत्तर आणल्याशिवाय पैज पुरी धरणार नाही.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा आईच्या हातातली इस्त्री थांबली.

"त्यांच्याबरोबर? त्या टाकीच्या रस्त्याने जातात ना?"

"जाऊ दे तिला," पेपरातून डोकं बाहेर न काढता बाबा म्हणाले. "मान वर करून जा. बिचकणारं माणूसच लोकांच्या नजरेत भरतं."

"तुझ्याकडे कोणीही बघत नाहीये, राणी," आई म्हणाली. "किती वेळा सांगायचं?" कापडाला डाग पडायच्या बेतात असताना तिने इस्त्री उचलली.

पहिली सकाळ म्हणजे नुसती फजिती. ढगळ टी-शर्ट, टोमॅटोसारखं तोंड, कुशीत कळ. पेपर टाकणाऱ्याने सायकल हळू केली. गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिली. बसथांब्यावरच्या रांगेने तर माना वळवून पाठवणीच केली तिची. एका कुत्र्याने मात्र भुंकायचेही कष्ट घेतले नाहीत.

"सगळे बघतायत, काकू."

"अगं, दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी. अर्ध्यांना समोरची पाटी धड वाचता येत नाही. ते तुला काय बघणार!"

ती फिस्सकन हसली. आपल्याला असं हसता येतं हे ती विसरूनच गेली होती.

मग पाण्याची टाकी आली. टाकीपाशी रस्ता वळत होता. ती तिथेच थांबली, गुडघ्यांवर हात टेकून.

"दम लागला."

काकू एकट्याच वळणापलीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चालत होत्या.

"तुझं उत्तर राहिलं," त्या म्हणाल्या. "आमचे हे धावायचे या रस्त्याने. मी अंथरुणातूनच चिडवायचे, कोणापासून पळताय हो रोज? गेल्या वर्षी इथेच गाडीने उडवलं त्यांना. थांबलीसुद्धा नाही. पहाटेची वेळ, कोणी बघितलं नाही."

गोगलगाय त्यांच्या बुटांकडे बघत राहिली.

"त्यांचेच आहेत. पुढे चिंध्या कोंबल्यात. त्यांचा रस्ता अर्धा राहिला, तो मी पुरा करते. आधी लाज वाटायची गं. लोक म्हणाले, दुःखाने हिचं डोकं फिरलं. मग म्हटलं, बघू दे. त्या दिवशी कोणीतरी बघायलाच हवं होतं."

शाळेत तिने हे उत्तर जसंच्या तसं सांगितलं. वटवट आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

पैज संपली होती, तरी गोगलगाय दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्याही. पेपरवाला आता हात करायचा. गॅलरीतल्या बाईने एकदा चक्क टॉवेल हलवला. बसथांब्यावर कोण उभं आहे हे बघायचंही ती विसरायला लागली. पाय हलके पडायला लागले. पण टाकी आली की ती थांबायचीच.

"दम तर चांगला उरलाय तुझ्यात," काकू एकदा म्हणाल्या. "मग अडतंय कुठे?"

"लोक..."

"अगं, पण इथे कोणीच नसतं!"

रात्री तिला नीट झोप लागली नाही. आईने दार ढकलून दोनदा बघितलं, आणि दोन्ही वेळा तिने झोपल्याचं सोंग केलं.

मग आजची सकाळ. वटवट आणि लंबी एकाच सायकलवरून मागे मागे आलेल्या.

"गोगलगायी, शंख टाक! टाक शंख!" अख्खी गल्ली जागी होईल असं वटवट ओरडत होती.

टाकी आली. काकूंनी तिचा हात धरला नाही, नुसता वेग कमी केला. ती वळणात शिरली. डोळे मिटायचे नाहीत असं तिने स्वतःला बजावलं आणि उघड्या डोळ्यांनी रस्ता बघत, एकेक पाऊल टाकत, ती पलीकडे गेली. तिथे फुटपाथवर बसून ती हमसाहमशी रडली. मागे आलेल्या दोघी सायकल धरून उभ्या राहिल्या. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"झालं की! आता तू कुठेही धावशील. कोणाच्या बापाला घाबरू नकोस."

घामेजलेल्या कपड्यांनीच ती घरी शिरली.

"आधी पाणी पी," आई म्हणाली.

"काय, शर्यतीत नाव घातलं वाटतं?" बाबा हसले.

"नाही. पण मी एक ठरवलंय."

आईने उठून खिडकी लावली.

"काकू खाली उभ्या आहेत. मी त्यांना वर बोलावणार आहे," मान वर करून ती म्हणाली, "आणि त्या पहाटे आपली गाडी मी चालवत होते, हे सांगणार आहे."